चर्चा: सेवानीचा १८९९ चा हंगाम सर्वश्रेष्ठ म्हणावा का?

मूळ मांडणी

अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वश्रेष्ठ हंगाम कोणता, या प्रश्नावर बहुतेक जण दूरचित्रवाणीच्या काळातील बलाढ्य विद्यापीठांची नावे घेतात. माझ्या मते तो मान टेनेसीच्या डोंगरपठारावरील सेवानी या एपिस्कोपल चर्चच्या छोट्या विद्यापीठाकडे जातो. त्याच्या १८९९ च्या संघाने बाराच्या बारा सामने जिंकले आणि ३२२ गुण मिळवून केवळ १० गुण दिले. त्यातही ९ ते १४ नोव्हेंबर या सहा दिवसांत, सुमारे २,५०० मैलांच्या रेल्वेप्रवासात, त्याने ऑस्टिनला टेक्सास (१२–०), ह्यूस्टनला टेक्सास ए अँड एम (१०–०), न्यू ऑर्लिन्सला टुलेन (२३–०) आणि रविवारच्या विश्रांतीनंतर बॅटन रूजला लुइझियाना स्टेट (३४–०) व मेम्फिसला मिसिसिपी (१२–०) या विद्यापीठांच्या संघांना हरवले. तेव्हा चढाई आणि बचाव तेच अकरा जण करीत, आणि एकदा बाहेर गेलेल्या खेळाडूला त्या सामन्यात परतता येत नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे या पाच शून्यांचे मोल कळते.

प्रतिसाद १

सहमत नाही. हा दौरा का आखला गेला, हे आपण सांगितलेच नाही. तिकिटांच्या उत्पन्नाच्या वाटणीवरून टेनेसीतल्याच वँडरबिल्ट विद्यापीठाशी बिनसले, त्यांच्याशी होणारा सामना हातचा गेला आणि ती तूट भरून काढण्यासाठी संघाचा विद्यार्थी-व्यवस्थापक ल्यूक ली याने हे पाच सामने एकापाठोपाठ एक ठरवले. म्हणजे सहा दिवसांचा हा हिशेब आधी पैशाचा होता, आणि त्याची किंमत मुलांच्या शरीरांनी चुकवली. फॉरवर्ड पासला, म्हणजे चेंडू पुढच्या दिशेने फेकण्याला, तेव्हा परवानगी नव्हती. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचे असल्यामुळे घोळक्याने एकमेकांवर तुटून पडणे हाच खेळाचा गाभा होता. टेक्सासविरुद्ध कर्णधार सीबल्स डोक्याला जखम होऊनही खेळत राहिला, याचे आजवर कौतुकच होत आले आहे. मला मात्र त्यात धोक्याची सूचना दिसते. पुढे १९०५ मध्ये मैदानावरील मृत्यू आणि जबर दुखापतींमुळे अध्यक्ष रूझवेल्ट यांना हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलवावे लागले, ते याच खेळासाठी.

प्रतिसाद २

खेळ क्रूर होता, हे मान्य आहे. पण ती क्रूरता सर्वच संघांच्या वाट्याला आली होती, आणि प्रतिस्पर्धी आपापल्या भागात ताजेतवाने होऊन वाट पाहत असताना सेवानीची मुले आगगाडीत रात्र काढून मैदानावर उतरत होती. थकव्याने बचाव ढासळायचा असता, तर तो चौथ्या सामन्यात ढासळला असता; प्रत्यक्षात दौऱ्यातील सर्वांत मोठा विजय तोच आहे. व्यवस्थापकाचा हेतू आर्थिक होता म्हणून खेळाडूंचे कर्तृत्व उणे कसे ठरते?

प्रतिसाद ३

आपण सारेच दौऱ्यात अडकलो आहोत, आणि मला हेच खटकते. दौऱ्यातील दोनच सामने १२ गुणांपेक्षा मोठ्या फरकाने जिंकले गेले, हे खरे. तरी या संघाची खरी कसोटी ३० नोव्हेंबरला माँटगोमेरीत लागली. जॉन हाइझमन यांच्या मार्गदर्शनाखालील ऑबर्नने सेवानीला ११–१० असे अक्षरशः घाम फोडत झुंजवले. टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला, तेव्हा ५ गुण आणि त्यानंतरच्या किकला १ गुण मिळे, म्हणजे सारा हंगाम एका किकवर येऊन ठेपला होता. हंगामात दिलेले दहाही गुण याच सामन्यातले आहेत. त्यानंतर दोनच दिवसांनी अटलांटात नॉर्थ कॅरोलिनाला ५–० असे नमवले, ते दक्षिणेचे विजेतेपद ठरवणाऱ्या सामन्यात. पण ‘दक्षिणेचे’ हा शब्द विसरू नये. त्याच वर्षी हार्वर्डही अपराजित राहिले आणि त्याची येलशी ०–० अशी बरोबरी झाली. त्या ईशान्येकडील संघांशी सेवानीची गाठ कधी पडलीच नाही, तेव्हा ‘सर्वश्रेष्ठ’ हा शब्द कशाच्या आधारावर वापरायचा?

मूळ मांडणी करणाऱ्याचे उत्तर

ऑबर्नचा सामना मी वगळला, ही माझी चूक आहे. हार्वर्डविषयीचा आक्षेपही मला खोडून काढता येत नाही, म्हणून ‘सर्वश्रेष्ठ’ऐवजी ‘दक्षिणेत अजोड’ म्हणायला मी तयार आहे. मात्र पहिल्या प्रतिसादातील हिशेब मला पटत नाही. वँडरबिल्टचा सामना गेल्यावर गप्प बसणे सोपे होते. लीने अवघड मार्ग निवडला आणि संघाने तो पार केला. हेच सेवानी १९३२ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेचे संस्थापक सदस्य झाले आणि १९४० मध्ये तिथला एकही सामना न जिंकता बाहेर पडले. त्यांच्या १८९९ च्या संघाला आपण त्या पराभवांच्या पडद्याआडून पाहतो, असे मला राहून राहून वाटते.