मदत हवी आहे: झेब्राफिशच्या शेपटीत मणका वर वाकलाय, आणि पंख्याची हाडं सहा का भरतात?

नमस्कार मंडळी,

मी चित्रं काढते. प्राणिशास्त्राशी संबंध शाळेपुरता, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

सध्या माशाच्या सांगाड्याची रेखाटनं करतेय. समोर झेब्राफिशचे रंगवलेले नमुने आहेत. मांस पारदर्शक केलेलं, हाडं ॲलिझरीनने लाल, कूर्चा ॲल्शियन ब्लूने निळी. डोकं जमलं, बरगड्या जमल्या, शेपटीशी येऊन अडले.

बाहेरून शेपूट वरखाली अगदी सारखं दिसतं. भिंगाखाली पाहिलं तर मणक्यांची रांग सरळ येते आणि टोकाला एकदम वर वळते. त्या वळणाखाली चपट्या हाडांचा पंखा, आणि पराच्या काड्या त्या पंख्यावर टेकलेल्या. आधी वाटलं, चिमट्याने मीच वाकवला. रात्रभर जिवाला घोर. सकाळी आणखी तीन नमुने काढले, तिन्हींत तोच बाक.

मग प्रश्न असे. हे असंच असतं का? असेल तर बाहेरून सरळ आणि आतून वाकडं, हा काय प्रकार? आणि आकृतीत या पंख्याच्या हाडांना 'हायपुरल' म्हणून पाचच दाखवलीत, मला दर वेळी सहा भरतात. डोळे गेले की काय माझे?

प्रतिसाद १

ताई, नमुने शाबूत आहेत आणि डोळेही. मणका वरच वळतो, चित्रात अजिबात सरळ करू नका.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण 'का' राहिलं. जरा लांबण लागेल.

रे-फिन्ड मासे, म्हणजे ज्यांचा पर काड्यांच्या आधारावर पसरतो ते. त्यांच्या जुन्या मंडळींची शेपटी बाहेरूनही वाकडीच होती. सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या डेव्होनियन काळातला कायरोलेपिस हा मासा घ्या: मणक्याचा कणा आणि त्यावरचं मांस वरच्या पाळीत टोकापर्यंत गेलेलं, आणि पर त्याच्या खालच्या अंगाला लोंबणारा. आजचा स्टर्जन मासा बघितलात तर तीच ठेवण जिवंत दिसेल. 'गार' आणि 'बोफिन' हे मासे मधल्या पायरीवर आहेत. त्यांचं शेपूट बाहेरून गोलसर, पण आत कणा वर चढलेलाच, फक्त आखडलेला. टेलिओस्ट गटात, ज्यात आजचे बहुतेक सगळे मासे येतात आणि तुमचा झेब्राफिशही, हा आखडलेला तुकडा इतका लहान झाला की बाहेरून पत्ताच लागत नाही.

आता गंमत. हायपुरल म्हणजे शेवटच्या मणक्यांचे खालच्या बाजूचे काटे, रुंद होऊन पंख्यासारखे पसरलेले. कणा वर वळला म्हणून 'खाली' असलेले काटे 'मागे' तोंड करून बसले. म्हणजे शेपटीची जी वरची पाळ दिसते, तिचा आधारही जवळजवळ सगळा पोटाकडच्या अंगाचाच. पाठीकडच्या बाजूने येतात ती दोन-चार बारकी हाडं.

तुमचं सहावं हाड: सगळ्यात खालचं बघा. बुडाशी कमान आहे आणि तिच्यातून शेपटीची रक्तवाहिनी जाते. ते पारहायपुरल. हायपुरलच्या मोजणीत ते धरत नाहीत. ते सोडून मोजा, पाच येतील.

प्रतिसाद ३

अगदी छोटी पिल्लं मिळाली तर तीही बघा. अंड्यातून नुकतंच निघालेल्या पिल्लात पृष्ठरज्जू (मणके बनण्याआधीचा लवचीक दांडा) सरळ असतो आणि भोवती परांची पातळ झालर, वरखाली सारखी. मग खालच्या अंगाला हायपुरलच्या निळ्या कूर्चा उगवतात, आणि पिल्लू साडेचार मिलिमीटरच्या आसपास झालं की टोक वर वळायला लागतं. मत्स्यसंशोधक पिल्लांचं वय सांगताना 'वळण्याआधीचं' आणि 'वळल्यानंतरचं' असंच बोलतात.

यावरून 'पिल्लू पूर्वजांची सगळी वाट पुन्हा चालतं' असं मात्र मनावर घेऊ नका. ती जुनी समजूत केव्हाच मागे पडली. पिल्लाची पहिली अवस्था ही कुठल्याही प्रौढ पूर्वजाची प्रत नाही.

प्रतिसाद ४

तिसऱ्या प्रतिसादाला पुरवणी. २०१६ साली जीवाश्मतज्ज्ञ लॉरेन सॅलन यांनी एथेरेट्मॉन या माशाच्या पिल्लांच्या जीवाश्मांवरून वेगळीच बाजू मांडली. मासा स्कॉटलंडचा, सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या पिल्लांत मांसल शेपूट आणि पराची शेपटी एकीवर एक, वेगवेगळी दिसतात. त्यांचं म्हणणं, टेलिओस्टमध्ये मांसल शेपूट वाढायचंच थांबलं आणि पर तेवढा पुढे वाढला. मला ते पटतं.

वाकडी शेपटी माशाला वर उचलते, पोहण्याची पिशवी (तरंगायला मदत करणारी पोटातली हवेची पिशवी) आली म्हणून सरळ शेपटी चालली, असंही बऱ्याच ठिकाणी वाचाल. पण स्टर्जनला ती पिशवी आहेच, तरी शेपटी वाकडी. तेव्हा तेवढ्या एका कारणावर विसंबू नका.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे आभार! पुन्हा मोजलं. खालून पहिल्याच्या बुडाशी कमान दिसली, आत बारीक पोकळी. ते सोडून पाच: खालच्या गटात दोन, वरच्या गटात तीन. आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये एक फट आहे, शेपटीची खाच बरोबर तिच्याच रेषेत येते. ही फट काल मी रेषा जाड मारून बुजवून टाकली होती, आता खोडरबर घेऊन बसलेय.

एक शेवटचं. वळणाच्या वर मणक्याला न चिकटलेलं एक सुटं हाड आहे, तेही काढायचं ना?

प्रतिसाद २

हो, काढा. एपुरल ते. पाठीकडच्या मोजक्या हाडांतलं एक, सोडलात तर खालच्यांचंच राज्य.