अख्खी कोंबडी ओटीजीत, वरून कोकम-गुळाचा ग्लेझ. जळणार नाही ना?

वेंगुर्लेकरीण:
मंडळी मदत हवीय. मे महिना म्हणजे मुंबई-पुण्याची सगळी भाचरं घरी, आणि आता फर्माईश आलीय की मामी व्हिडिओत असते तशी अख्खी कोंबडी भाज, वर चकचकीत आंबटगोड थरवाली. व्हिडिओत सगळे संत्र्याचा रस आणि मध घेतात, पण घरात यंदाचं ताजं आगळ (कोकमाचा खारट रस) आहे, अमृत कोकम (त्याचं गोड सिरप) आहे, गुळाची ढेप आहे, मग विकतचं कशाला असं मला वाटतं. ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, ३० लिटरचा, आजवर केक आणि नानकटाई यापलीकडे त्यात काही केलेलं नाही. भीती दोनच, वरून गूळ काळा पडेल आणि आत मांडीपाशी कच्चं राहील. कोंबडी किती किलोची घेऊ, किती वेळ लावू, नीट सांगा. शेजारी गावठी मिळते, ती चालेल का?

कुडाळची_काकी:
गावठी कित्याक गो? ती वडे-सागोतीक ठेव. ओव्हनात घातलंस तर चामड्याची चप्पल होतली.
मस्करी सोड, पण खरंच नको. गावठी फिरून-उडून मोठी झालेली असते, तिला रश्श्यात तासभर शिजायला लागतं, कोरड्या आचेवर ती मऊ पडत नाही. ब्रॉयलरच घे. जिवंत २ किलोची घेतलीस की साफ होऊन साधारण १.३-१.४ किलो उरते, तुझ्या ओटीजीत तेवढीच नीट बसेल, वरच्या कॉइलपासून चार बोटं तरी लांब राहायला हवी. आणि दुकानात आधीच सांग की कातडीसकट अख्खी हवी. आपल्याकडे सवयीने सोलून तुकडेच करतात, तू मोबाईल बघेपर्यंत कोयता चाललेला असतो. कातडी गेली की ग्लेझ चिकटणार कशाला? बारीक पिसं राहिली तर गॅसच्या ज्योतीवर फिरवून घे.

मिरचीपूड:
काकींनी कोंबडीचं सांगितलं, मी ग्लेझचं सांगते कारण सगळी गोम तिथेच आहे. आगळ आणि अमृत कोकम यातलं कुठलं घेतेस त्यावर सगळा हिशोब बदलतो. आगळात मीठ असतं, भरपूर, अमृत कोकमात साखर. आगळ घेतलंस तर ग्लेझमध्ये मीठ अजिबात नको, कोंबडीलाही हात आखडून लाव. अमृत कोकम घेतलंस तर गूळ निम्म्याहून कमी कर, नाहीतर जेवणात सरबत प्यायल्यासारखं वाटेल. मी आगळच घेईन, रंगही गडद येतो.
अर्धी वाटी किसलेला गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घे (कचरा निघतोच), त्यात ३ टेबलस्पून आगळ, ठेचलेला लसूण, बेडगी मिरचीची पूड, मिरी, आणि स्टीलच्याच भांड्यात आटव, ॲल्युमिनियममध्ये आंबट आटवू नको. चमच्याच्या पाठीवर थर धरला की बंद. पाक होऊ देऊ नको, गार झाल्यावर आणखी घट्ट होतो. चव बघ, आगळ प्रत्येक घरचं वेगळं खारट. शेवटी चमचाभर बटर.
आता जळण्याचं. गूळ साखरेपेक्षा लवकर काळा पडतो कारण त्यात ग्लुकोज-फ्रुक्टोजही असतं आणि ते कमी तापमानालाच रंग बदलायला लागतं. म्हणून मॅरिनेशनमध्ये गूळ घालायचाच नाही. आदल्या रात्री फक्त मीठ (आगळाचा ग्लेझ असेल तर दोन सपाट चहाचे चमचे पुरे), मिरी, आलं-लसूण, मांडीच्या सांध्यात नीट चोळून, आणि फ्रिजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात न झाकता ठेव, कातडी सुकते. भाजायच्या आधी तासभर बाहेर काढ, पेपर नॅपकिनने टिपून तेल लाव, पाय दोऱ्याने बांध, पंखांची टोकं पाठीखाली खोच. ओटीजी आधी तापवलेला हवा. पहिली २० मिनिटं २०० डिग्री, मग १८० वर आणखी ३०-४० मिनिटं, तोवर ग्लेझचं नाव काढायचं नाही. त्यानंतरच्या शेवटच्या १५-२० मिनिटांत दर पाच मिनिटांनी ब्रशने पातळ थर. वरून फार लाल दिसली तर फॉइल टाक. बाहेर काढल्यावर १० मिनिटं हात लावू नको, पोरांनाही लावू देऊ नको.

रेवदंड्याचा_खवय्या:
एवढी खटपट कशाला, पोपटी लावा की! मडकं, भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी, वरून पेंढा नि काटक्या पेटवल्या की झालं.

मिरचीपूड:
दादा, मे महिन्यात वालाच्या शेंगा आणणार कुठून 😄 आणि पोपटीत कोंबडी वाफेवर होते, चव जबरदस्त पण कातडी चकचकीत होणार नाही, पोरांना तीच तर हवीय.

वायरमन_पण_खवय्या:
एक गोष्ट कोणी बोललं नाही. लाईट. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज किती असतं? २३० चं १९० झालं तर हीटरची ताकद जवळपास एक तृतीयांशाने घटते, व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने पडते ती. मग डायल १८० दाखवतोय पण आत तेवढं तापायला किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. त्यामुळे मिनिटं धरून बसू नका, ३००-४०० रुपयांचा टोचायचा थर्मामीटर ऑनलाईन मिळतो तो मागवा. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, ७५ च्या वर गेलं की कच्ची नाही, मांडीला मी ८० पर्यंत नेतो, जास्त मऊ लागते. आणि ओटीजी १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगलाच लावा, २००० वॅटचा असेल तर ९ अँपिअरच्या आसपास ओढतो, मिक्सरच्या प्लगचं ते काम नाही. शक्यतो दुपारीच भाजा, मेच्या शेवटाला संध्याकाळी ढग आले, विजा चमकल्या की लाईट जातेच.

कुडाळची_काकी:
थर्मामीटर येईपर्यंत मांडी नि पोटाच्या मध्ये सुरी टोच, पाणी गुलाबी न येता स्वच्छ आलं पाहिजे, तंगडी हलवली तर सांध्यात सैल लागली पाहिजे. हाडाजवळ थोडं लालसर दिसलं तर घाबरू नको, ब्रॉयलर कोवळा असतो, हाडातला रंग उतरतो. पण हे सगळं अंदाजाचं, पोरं लहान असतील तर थर्मामीटरच बरा. आणि कोंबडी स्वच्छ धुवून घे हां आधी.

मिरचीपूड:
काकी रागावू नका पण नळाखाली धुवायची नाही. शिंतोडे बेसिनभर, बाजूच्या भांड्यांवर उडतात आणि जंतू पसरतात, मरतात ते भाजण्यानेच. पोटातलं उरलेलं काढून टिपून घ्यायची.

कुडाळची_काकी:
माझ्या हातून तरी न धुता व्हायचं नाही बाबा. टोपात पाणी घेऊन हळू धुवीन, नळ सोडणार नाही, मग बेसिन साबणाने घासेन. चालेल?

मिरचीपूड:
चालवून घेऊ 🙏

वेंगुर्लेकरीण:
सगळ्यांचे आभार, थर्मामीटर आत्ताच मागवला. भाजणार दुपारीच. खालच्या ट्रेमध्ये रस पडेल त्याचं काय करू, आणि ग्लेझ उरला तर घावण्याबरोबर वाढू का? पोरांना पाव नकोय म्हणे, घावणेच हवेत.

मिरचीपूड:
ट्रेमध्ये आधीच कांद्याच्या जाड चकत्या आणि अर्धी वाटी पाणी ठेव म्हणजे रस करपत नाही, नंतर वरची चरबी काढून तोच उकळ, घावण्याला मस्त. ग्लेझ मात्र सुरुवातीलाच दोन वाट्यांत वेगळा काढ, ब्रश एकाच वाटीत बुडव. कोंबडीला लागलेला ब्रश ज्या वाटीत गेला ती वाटी ताटात न्यायची नाही, फार उरलाच असेल तर खळखळून उकळव आणि मगच वाढ.