मदत हवी आहे: आईबाबांच्या क्रूझसाठी प्रवास विमा कुठला घ्यावा? (तातडीचं आहे)

गोदाकाठ
आईबाबा सप्टेंबरअखेर क्रूझला चाललेत, काका-काकूही बरोबर आहेत. एजंटने पॅकेजमध्येच विमा दिलाय. पण काकांच्या मित्राने डोक्यात भरवलं की क्रूझला साधा ट्रॅव्हल इन्शुरन्स चालत नाही, वेगळा लागतो. एजंट म्हणतो, "सर, सगळे हाच घेतात, व्हिसाला चालतो." शुक्रवारी व्हिसाची अपॉइंटमेंट आहे, त्याआधी ठरवायचंय. तुलना करणाऱ्या एका साइटवर नंबर टाकला आणि तेव्हापासून फोन थांबत नाहीत. कृपया अनुभव असलेल्यांनी फक्त कंपनीचं नाव सांगा, बाकी मी बघतो.

स्वाती_डोंबिवली
वयं काय? तब्येती कशा आहेत? क्रूझ कुठली? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग नाव कसं सांगणार?

गोदाकाठ
युरोपची क्रूझ. बाबा ७१, आई ६६. दोघंही ठणठणीत आहेत, रोज सकाळी गोदाकाठी फिरायला जातात. आता सांगा.

कार्डप्रेमी
विमा विकतच घेऊ नका. चांगलं प्रीमियम क्रेडिट कार्ड असेल तर त्यावर परदेश प्रवासाचा विमा फुकट असतो. मी दरवेळी तसाच जातो, शिवाय विमानतळावर लाउंज मिळतो.

दर्यावर्दी
गोदाकाठ, "युरोप" एवढ्याने भागत नाही. मी मालवणचा, बरीच वर्षं क्रूझवर हॉटेल डिपार्टमेंटला काढली. बोट कुठून निघते, कुठल्या बंदरांना लागते, ते क्रमाने लिहा.

गोदाकाठ
त्याने काय फरक पडतो? अथेन्सच्या पिरेअसहून निघते. मिकोनोस, कुशादासी, पॅटमॉस, रोड्स, क्रीट, सँटोरिनी आणि परत अथेन्स. मला सहलीबद्दल नाही, विम्याबद्दल विचारायचंय.

दर्यावर्दी
सगळा फरक तिथेच पडतो. कुशादासी तुर्कस्तानात आहे, शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या गटात) नाही. एजंटने दिलेल्या पॉलिसीचं पहिलं पान काढा. त्यावर भौगोलिक क्षेत्र असा रकाना असेल, तिथे काय लिहिलंय ते शब्दशः इथे टाका. नुसतं "शेंगेन" असेल तर कुशादासीला बाबा पाय घसरून पडले तर ती पॉलिसी उपयोगाची नाही. आणि ग्रीसमधून तुर्कस्तानात जाऊन परत ग्रीसमध्ये यायचं म्हणजे शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा. एजंटने अर्जात काय टिक केलंय तेही शुक्रवारच्या आत बघा. तुर्कस्तानच्या व्हिसाचं क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

पन्नाशीतली_मी
आईंना बोट लागते का? विम्यापेक्षा हे आधी बघा. आमच्या बरोबरच्या एक बाई पहिली रात्र नुसत्या केबिनमध्ये पडून होत्या. ॲव्होमिन निघायच्या आधीच घ्यायची, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. आलेपाक बरोबर ठेवा. आणि केबिन खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यावर घ्या, तिथे सगळ्यात कमी हलतं.

जुना_क्लेमवाला
मी एका विमा कंपनीच्या क्लेम विभागातून निवृत्त झालो. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न कंपनीच्या नावाने सुटणारा नाही.

गोदाकाठ, "व्हिसाला चालतो" हे एजंट खरंच सांगतोय. शेंगेन व्हिसाची अट एवढीच की किमान ३०,००० युरोचं कव्हर असावं, सगळ्या शेंगेन देशांत चालावं आणि त्यात तातडीचे उपचार, रुग्णालय, आजारपणामुळे मायदेशी परत आणणं आणि मृत्यू एवढं बसावं. व्हिसा अधिकाऱ्याचं त्याने समाधान होतं, पण बाबांच्या छातीत समुद्रावर दुखायला लागलं तर ती रक्कम पुरेल का, हे बघणं त्याचं काम नाही. ते तुमचं काम आहे.

कार्डप्रेमी, तुमचा सल्ला इथे धोक्याचा आहे. कार्डावरचा विमा बहुतेक वेळा विमान अपघात, हरवलेलं सामान, चुकलेलं विमान एवढ्यापुरता असतो. वैद्यकीय असला तरी रक्कम तुटपुंजी, आणि तो कार्डधारकाचा असतो. मुलाच्या कार्डावर ७१ वर्षांच्या वडिलांना काय मिळणार?

कार्डप्रेमी
सगळी कार्डं सारखी नसतात. माझ्या कार्डावर वैद्यकीयही आहे. उगाच घाबरवू नका लोकांना.

जुना_क्लेमवाला
तुमच्या कार्डाच्या नियमांची पीडीएफ उघडा आणि वयाची मर्यादा व पूर्वीच्या आजारांचं कलम वाचा. मग बोलू.

स्वाती_डोंबिवली
गोदाकाठ, पुन्हा विचारते. ठणठणीत म्हणजे कुठलीच गोळी चालू नाही?

गोदाकाठ
आईला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, कंट्रोलमध्ये आहे. बाबांना दीड वर्षापूर्वी एक स्टेंट टाकलाय. पण डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिलीय, त्यांना काही त्रास नाही. मला खरंच कळत नाहीये की एका साध्या प्रश्नावर एवढी उलटतपासणी का.

स्वाती_डोंबिवली
कारण आम्ही भोगलंय. सासऱ्यांची पॉलिसी एजंटने भरली होती. आजारांच्या प्रत्येक प्रश्नापुढे त्याने "नाही" टिक केलं, बीपीची गोळी बरीच वर्षं चालू असताना. सिंगापूरला चक्कर येऊन पडले, दोन रात्री दाखल होते. बिल आम्ही भरलं आणि कंपनीने क्लेम नाकारला. कारण तिथल्या डॉक्टरांच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, जुना रक्तदाबाचा रुग्ण. तुमच्या एजंटने फॉर्ममध्ये स्टेंट लिहिलाय का? आज बघा, उद्या नाही.

मिनेसोटाकर
इथे अमेरिकेत आम्ही काय करतो ते सांगतो. क्रूझचा पहिला हप्ता भरल्यावर साधारण १४ ते २१ दिवसांत पॉलिसी घेतली तर बऱ्याच कंपन्या पूर्वीच्या आजारांची अट शिथिल करतात. माझ्या मते तुम्हीही अमेरिकन कंपनीचीच क्रूझ पॉलिसी घ्या. त्यात बोट चुकणं, बंदर रद्द होणं, केबिनमध्ये विलगीकरण, सगळं असतं. आमच्याकडे मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमासुद्धा जहाजावर जवळपास चालत नाही, म्हणून इथले ज्येष्ठ वेगळा विमा घेतल्याशिवाय बोटीवर पाऊल ठेवत नाहीत.

जुना_क्लेमवाला
माहिती बरोबर, पण माणूस चुकीचा. त्या पॉलिसी अमेरिकेतल्या रहिवाशांसाठी असतात. नाशिकला राहणाऱ्या जोडप्याने ती ऑनलाइन घेतली तर पैसे कापले जातील, पण क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न रहिवासाचा येईल. क्रूझ कंपनी बुकिंग करताना जो विमा पुढे करते त्याचंही तेच, कुठल्या देशाच्या रहिवाशांसाठी आहे ते आधी बघायचं. आईबाबांचा विमा भारतातल्या कंपनीचाच आणि भारतातून निघण्यापूर्वीच घेतलेला हवा.

मिनेसोटाकर
मान्य. पण भारतातल्या पॉलिसीत बोट चुकल्याचं कव्हर तरी असतं का?

जुना_क्लेमवाला
काही कंपन्या क्रूझसाठी जादा प्रीमियम घेऊन वेगळं जोड-कव्हर देतात, काही देत नाहीत. पण ७१ वर्षं आणि स्टेंट म्हटल्यावर माझं लक्ष आधी वैद्यकीय भागावर जाईल. आपल्याकडच्या बऱ्याच पॉलिसींत साठीच्या पुढे सब-लिमिट लागतात. वर मोठ्या अक्षरात १ लाख डॉलर, आणि आत खोलीचं रोजचं भाडं इतकंच, आयसीयू इतकंच, सर्जनची फी इतकीच. तेव्हा "विनासब-लिमिट" प्लॅन मागा, महाग पडेल तरी. दुसरं, पूर्वीच्या आजाराचं कलम. स्टेंटवाल्या माणसाला हृदयाचा त्रास झाला तर कित्येक पॉलिसी एक पैसा देत नाहीत, काही फक्त जिवावर बेतलं तरच देतात आणि तेही ठरावीक रकमेपर्यंत. ती रक्कम किती, हे विचारून मग कंपन्यांची तुलना करा. प्रीमियमची तुलना त्यानंतर.

अरुण_रत्नागिरी
क्रूझ वगैरे वाचून आमचे दिवस आठवले. भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोट सुटायची. डेकवर सतरंजी पसरायची, शेजारी कोंबड्यांच्या टोपल्या. जयगडला बोट बाहेर उभी राहायची आणि पडावातून उतरायचं. "कोकण सेवक"ने आम्ही मे महिन्यात गावी जायचो. तेव्हा विमा कुणी काढला होता? माणसं देवाला नारळ ठेवून निघायची.

दर्यावर्दी
अरुणकाका, माझे आजोबा त्या पडावांवरच होते, त्यामुळे तुमचं लिहिणं पोचलं. पण १७ जुलै १९४७ ला "रामदास" बोट रेवसला जाताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. मागे राहिलेल्या घरांचं काय झालं ते अलिबागकडच्या म्हाताऱ्यांना विचारा. नारळ ठेवावा, विमाही काढावा.

गोदाकाठ, आता बोटीवर काय होतं ते सांगतो, कारण हे एजंट सांगणार नाही. मोठ्या क्रूझवर मेडिकल सेंटर असतं. डॉक्टर, नर्स, ईसीजी, एक्स-रे, थोडी रक्ततपासणी, व्हेंटिलेटर. पण ते रुग्णालय नव्हे. हार्टचा पेशंट आला तर त्याला स्थिर करतात आणि पुढच्या बंदरावर उतरवतात. "मी बोटीवरच थांबतो" हे तिथे चालत नाही, निर्णय डॉक्टर आणि कॅप्टनचा. तिथे विम्याचं कार्ड दाखवून कॅशलेस होत नाही. बिल केबिनच्या खात्यावर चढतं, कॉफी-वाइनचं चढतं त्याच खात्यावर, आणि उतरण्याआधी ते भरावं लागतं. म्हणून बाबांच्या कार्डाची आंतरराष्ट्रीय मर्यादा आधी वाढवून ठेवा.

ग्रीसच्या लहान बेटांवर हृदयाची मोठी इस्पितळं नाहीत. पॅटमॉसला काही झालं तर पेशंटला अथेन्सला किंवा क्रीटला हलवावं लागतं, वेळ आली तर हेलिकॉप्टरने. पॉलिसीतलं "मेडिकल इव्हॅक्युएशन" हे जहाजावरून किनाऱ्यापर्यंतही लागू आहे का, की जमिनीवरच्या एका रुग्णालयातून दुसऱ्यापर्यंतच, हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. आणि बाबांना उतरवलं तर आईही त्यांच्याबरोबर उतरणार. तिचं हॉटेल, दोघांची नवी विमानतिकिटं कोण देणार, तेही विचारा. मी एका वयस्कर बाईंना बंदरावर दोन बॅगा घेऊन उभं राहिलेलं पाहिलंय. नवरा ॲम्ब्युलन्समध्ये, बोट सुटायची वेळ झालेली, आणि हातातल्या कागदावर कुठल्या नंबरला फोन करायचा ते त्यांना सापडत नव्हतं. तो मदतीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून दोघांच्या खिशात वेगवेगळा ठेवा. काका-काकूंकडेही द्या.

पन्नाशीतली_मी
सँटोरिनीला बोट धक्क्याला लागत नाही, समुद्रात उभी राहते आणि छोट्या लॉंचने नेतात. वर गावात जायला केबल कार आहे, नाहीतर जवळजवळ सहाशे पायऱ्या. गुडघे कसे आहेत आईंचे? गाढवावर बसू देऊ नका. आणि २०२५ च्या जुलैपासून ग्रीसने क्रूझवाल्यांना कर लावलाय, सँटोरिनी-मिकोनोसला गर्दीच्या मोसमात माणशी २० युरो. तो पॅकेजमध्ये धरलाय का, विचारा.

गोदाकाठ
पॉलिसी काढून बघितली. क्षेत्र: शेंगेन देश. रक्कम ३०,००० युरो. आजारांपुढे "काही नाही". व्हिसाच्या अर्जात सिंगल एंट्री. एजंटला फोन केला, आधी आवाज चढवला, मग अर्ज दुरुस्त करून देतो म्हणाला.

आता दोन कंपन्यांकडे विचारतोय. अमेरिका-कॅनडा वगळून वर्ल्डवाइड, २.५ लाख डॉलर. एक कंपनी ७० च्या वर मेडिकल रिपोर्ट मागते, दुसरी काहीच मागत नाही. दुसरीच सोपी वाटते. आणि बंदर चुकलं तर पैसे मिळतात का?

जुना_क्लेमवाला
जी आज रिपोर्ट मागते तिच्याकडे जा. जी आज काही विचारत नाही, ती क्लेमच्या दिवशी सगळं विचारेल. फॉर्मवर स्टेंटची तारीख, शुगर, सगळ्या गोळ्यांची नावं लिहा आणि भरलेल्या फॉर्मची प्रत स्वतःकडे ठेवा. हृदयरोगतज्ज्ञांकडून प्रवासास योग्य असल्याचा ताज्या तारखेचा दाखला घ्या. मुदत परतीच्या तारखेपुढे चार-सहा दिवस वाढवून घ्या. नव्या पॉलिसीत वैद्यकीय परतीचं कलम आणि शेंगेनचा उल्लेख असलेलं पत्र कंपनी देते, व्हिसा फाइलला तेच लावा, म्हणजे दोन पॉलिसींचा खर्च नको.

बोटीवर उपचार झाले तर तीन कागद सोडू नका: डॉक्टरचा अहवाल, बाबवार बिल आणि पैसे भरल्याची पावती. मदत नंबरला शक्य तितक्या लवकर कळवा, नंतर कळवलं म्हणून कापाकापी होते.

तरीही क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. पुण्यातही कार्यालय आहे, वकील लागत नाही, फी नाही. स्वाती, तुम्ही गेला होतात का?

स्वाती_डोंबिवली
नाही. तेव्हा कुणी सांगितलंच नाही. नकाराचं पत्र येऊन वर्ष उलटून गेलं.

जुना_क्लेमवाला
मग मुदत गेली. वाईट वाटलं वाचून.

दर्यावर्दी
बंदराचं मी सांगतो. एजियन समुद्रात मेल्टेमीचा वारा असतो, जोर जुलै-ऑगस्टमध्ये, पण सप्टेंबरातही कधी उठतो. लॉंच लावता येत नसेल तर कॅप्टन बेट सोडून पुढे जातो आणि प्रवासाच्या करारात त्याला तो अधिकार दिलेला असतो. भरपाई हवी तर मार्गबदलाचं वेगळं कव्हर लागतं. माझ्या मते त्यावर पैसे घालू नका. त्यापेक्षा आदल्या दिवशी अथेन्सला पोचतील अशी विमानं घ्या. बोट कुणासाठी थांबत नाही.

कार्डप्रेमी
कार्डाची पीडीएफ वाचली. वैद्यकीय कव्हर ७० वर्षांपर्यंतच आहे आणि पूर्वीचे आजार वगळलेत. आईबाबांसाठी नाही चालणार. पण तिकीट कार्डानेच काढा, सामान हरवल्याचं तरी मिळेल.

गोदाकाठ
रिपोर्ट मागणाऱ्या कंपनीचा फॉर्म भरला. उद्या सकाळी बाबांची टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आहे. हेलिकॉप्टरबद्दल ईमेल टाकलाय, उत्तर आलं की इथे लिहितो. अपॉइंटमेंट पुढच्या बुधवारची मिळाली. दर्यावर्दी आणि क्लेमवाले काका, मनापासून आभार.

वैदेही_कोथरूड
याच धाग्यावर विचारते. आम्ही सिअ‍ॅटलहून अलास्काची क्रूझ घेतोय. अमेरिकेचा व्हिसा आहे. वरचा "अमेरिका-कॅनडा वगळून"वाला स्वस्त दिसतोय, तो चालेल का?

दर्यावर्दी
अजिबात नाही, तुम्हाला अमेरिका-कॅनडा धरूनच घ्यावा लागेल. आणि सिअ‍ॅटलहून निघणाऱ्या बोटी सहसा कॅनडात व्हिक्टोरियाला थांबतात, त्यामुळे कॅनडाचा व्हिसाही बघा. कुठली बंदरं आहेत?