मदत हवी आहे: शिरपूरच्या घाण्यावरचं हेम्प बियांचं तेल मुंबईत वेगळं कसं दिसेल?

तापीकाठ:

नमस्कार मंडळी. शिरपूरजवळ आमचा लाकडी घाणा आहे. वडील शेंगदाणा, तीळ, करडई आणि जवसाचं तेल काढतात. गिऱ्हाईक आजूबाजूच्या गावांतलं, घरून डबा घेऊन येणारं. गेल्या वर्षापासून मी हेम्पच्या बियांचंही तेल काढायला लागलो आहे. (हेम्प म्हणजे गांजाच्याच जातीचं झाड, पण नशा जवळजवळ नसलेलं.) बी उत्तराखंडातलं, तिथे परवान्यावर पिकवलेलं. आपल्याकडे शेतकऱ्याला हे पीक घेता येत नाही, त्यामुळे 'आमच्याच शेतातलं' वगैरे म्हणायची सोय नाही.

गावात हे खपणार नाही हे मला ठाऊक आहे. आमच्या तालुक्याचं नाव पेपरात कशासाठी येतं ते खान्देशातल्यांना सांगायला नको. सातपुड्याच्या पायथ्याला कपाशी-तुरीच्या आडोशाने लावलेला गांजा पोलीस उपटतात, फोटो छापून येतो, पुढच्या हंगामात पुन्हा तेच. मामांनी बाटली हातात घेतली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "गांजानं तेल काढस का रे तू?" तेव्हापासून वडील त्या बाटल्या आतल्या खोलीत ठेवतात.

कायदा वाचलेला आहे, म्हणून 'आत जाशील' हा सल्ला कृपया नको. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायचं नुसतं बी त्यात येत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने, हेम्पचं बी, तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. तेलात टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) किलोमागे १० मिलिग्रॅमच्या वर नको, ही अट. प्रत्येक खेपेचा प्रयोगशाळेचा अहवाल मी जपून ठेवतो.

अडचण मुंबईची आहे. वांद्रे-पवईकडच्या ऑरगॅनिक दुकानांत फिरलो तर फळीवर आधीच गर्दी. बॉम्बे हेम्प कंपनीसारखे २०१३ पासून पाय रोवून बसलेले आहेत, नवे तर मोजता येणार नाहीत. डोंगर, हिरवा रंग, इंग्रजीत योगाची भाषा, हाच थाट बहुतेकांचा. पुण्याच्या एका डिझायनरकडून मी बाटलीचं वेष्टन करून घेतलं. काळ्या बाटलीवर सात बोटांचं हिरवं पान, मागे हिमालय. दिसतं झकास, पण त्या फळीवर ठेवलं तर माझं कोणतं ते मलाच शोधावं लागेल. ऑनलाइन जाहिरात दिली ती 'अमली पदार्थ' म्हणून नाकारली गेली.

तर विचारायचं असं: बाटलीवर खान्देश, शिरपूर लिहावं की लपवावं? आणि हे तेल नक्की कोणाला विकायचं?

---

लेबलवाला:

भाऊ, आधी ते पान काढा. एफएसएसएआयच्या त्याच नियमात लेबलचंही सांगितलेलं आहे. नशा होते असं सुचवणारं काही चालत नाही, पानाचं चित्र चालत नाही, टीएचसी किंवा सीबीडी (याच झाडातलं, नशा न आणणारं द्रव्य) यांच्या नावाने गुण सांगता येत नाहीत. झोप लागते, सांधे दुखायचे थांबतात, हेही नाही. तुमचं तेल अन्न आहे, औषध नाही. (औषधाची वाट वेगळी आहे, ती आयुष, म्हणजे आयुर्वेदासारख्या औषधपद्धतींच्या, परवान्यातून जाते आणि तिथे झाडाच्या पानांचा विषय सुरू होतो. घाणेवाल्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.)

नियमाने तुमचं कामच केलंय असं समजा. ज्या गोष्टीने सगळे एकसारखे दिसतात तीच तुम्हाला वापरता येणार नाही.

शिरपूर लिहायला काहीच हरकत नाही, फक्त खोटं वाटेल असं नको. 'बी उत्तराखंडचं, तेल शिरपूरच्या घाण्याचं' असं दोन्ही एका ओळीत लिहा. नुसतं 'खान्देशी हेम्प' लिहिलंत तर वाचणाऱ्याला पीकच खान्देशातलं वाटेल, आणि तुमच्या तालुक्यात तो समज परवडणारा नाही. नाव ट्रेडमार्कला टाकताना खाद्यतेल २९ व्या वर्गात येतं, चटणी काढलीत तर ती ३० व्या. 'हेम्प' हा शब्द नावात ठेवून काही मिळणार नाही, तो कोणाच्या एकट्याच्या मालकीचा होत नाही.

---

सरळ_सांगतो:

वेष्टनाचं जाऊ द्या. मी गिऱ्हाईक म्हणून विचारतो, हे मी का घ्यावं? तुम्ही म्हणाल ओमेगा-३. तुमचेच वडील जवसाचं तेल काढतात, त्यात ओमेगा-३ निम्म्याहून जास्त असतं. हेम्पमध्ये त्याच्या निम्मंही नाही. आणि भाव? जवसाच्या कितीतरी वर. ज्या दिवशी मुंबईतला माणूस दोन्ही बाटल्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचेल, त्या दिवशी तुमचा ब्रँड संपला. आरोग्याच्या शर्यतीत उतरूच नका, तिथे तुमच्याच घरातलं तेल तुम्हाला हरवतंय.

चव कशी आहे ते सांगा. तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये ते एकदाही आलेलं नाही.

---

तापीकाठ:

@सरळ_सांगतो, बरोबर पकडलंत दादा. चव अक्रोडाजवळ जाणारी, थोडी गवताळ. रंग गर्द हिरवा. तळणाला अजिबात चालत नाही, तापवलं की चव जाते आणि कडवटपणा येतो. फोडणीलाही नको. हीच तर पंचाईत आहे, आपल्या स्वयंपाकात तेल म्हटलं की कढईच आठवते.

---

माहेर_यावल:

कोण म्हणतं कढईच आठवते? तू शिरपूरचा ना रे भाऊ? कळण्याची भाकरी कशाशी खातोस?

मी डोंबिवलीत राहते, माहेर यावलचं. आमच्याकडे गरम कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी कुस्करायची, वरून कच्चं तेल, हिरव्या मिरचीचा ठेचा, बाजूला कांदा. तेल तापवायचा प्रश्नच नाही. सुक्या चटणीत कच्चं तेल, खिचडीवर कच्चं तेल. सासरी पहिल्यांदा मी भाकरीवर तेल ओतलं तेव्हा सगळे बघत बसले होते. (आता सासूबाई स्वतः मागून घेतात.) तापवायचं नाही असं तेल आणि कच्चं तेल खाणारा मुलूख, दोन्ही तुझ्या घरात आहेत आणि तू हिमालयाचे फोटो लावतोयस!

मला विचारशील तर बाटलीवर भाकरी असू दे. मोठ्या अक्षरांत 'वरून घ्यायचं तेल'. मागे चार ओळी: भाकरीवर, खिचडीवर, कोशिंबिरीत, चटणीत. वांद्र्याच्या बाईला कळणं माहीत नसेल, पण सॅलडवर तेल घालणं माहीत आहे, ती तिची आपण समजून घेईल. उत्तराखंडात याच बियांची भाजून चटणी करतात, तशी लसूण घालून आपल्या पद्धतीची करून बघ. तेलाच्या बाटलीला बिचकणारा माणूस चटणीचं बोट नक्की चाटतो.

आणि सुरुवात वांद्र्यात कशाला? कल्याण-डोंबिवलीत आपली माणसं काय कमी आहेत?

---

लेबलवाला:

ताईंच्या सांगण्यात दम आहे. एक भर घालतो: 'वरून घ्यायचं तेल' हे वर्णन झालं, त्यावर मालकी मिळणार नाही. ब्रँडचं नाव वेगळं ठेवा, घाण्याचं जुनं नाव असेल तर उत्तम. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला त्याचीच पुढे विप्रो झाली, तेव्हा खान्देशच्या तेलाला मोठ्या बाजारात लाजायचं कारण नाही.

---

सरळ_सांगतो:

आता मी घेईन. पण लहान बाटली काढा. हे तेल लवकर खवट होतं, अर्धा लिटर कोणी संपवत नाही, आणि एकदा खवट चव लागली की माणूस परत येत नाही. गडद काचेची १०० मिलीची बाटली, त्यावर तेल काढल्याची तारीख समोरच्या बाजूला, ठळक. खाली 'उघडल्यावर फ्रिजमध्ये'. मोठ्या कंपनीला ताज्या घाण्याची तारीख अशी मिरवता येत नाही, गोदामातून माल फिरत असतो. तुम्हाला येते.

---

तापीकाठ:

मंडळी, पान काढतोय. माहेर_यावल ताई, कळण्याची भाकरी रोज खातो, पण दुकानांत फिरताना ती डोक्यातच आली नाही. घाण्याला आजोबांच्या वेळचं नाव आहे, तेच घेतो. वडिलांना विचारलं तर म्हणाले, नाव दे, पण बाटलीवर झाड नको. म्हटलं, नियमातही नकोच आहे.

तारखेचं पटलं, पण मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि कुरियरची गाडी दुपारभर उन्हात उभी असते. त्यामुळे उन्हाळ्यात फक्त मागणी आल्यावर तेल काढून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवायचा विचार आहे. कोणी असा माल शिरपूर-मुंबई नियमित पाठवतं का? काचेची बाटली ट्रॅव्हल्सवाले घेतात का, आणि कल्याणला उतरवून घ्यायला कोणी मिळेल का?

---

माहेर_यावल:

घेतात, आमची केळी आणि मसाले तसेच येतात. खोक्यात पेंढा घट्ट भर. कल्याणला माझा भाऊ उतरवून घेईल, व्यनि (खाजगी निरोप) कर. पहिल्या खेपेत माझ्या दोन बाटल्या धर, आणि चटणी केलीस तर तीही.