अनुभव धागा : तुमच्या दारातल्या घोडीचा आवडता खाऊ

बालाघाटकर

यंदा मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारातून फिरत होतो. सहा-सात वर्षांची एक मुलगी प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा चिमटीत धरून एका पांढऱ्या घोडीसमोर उभी होती. घोडीच्या मालकाने तिला थांबवले आणि "लेकरा, चिमटीत धरू नको, तळहात सपाट कर आन् अंगठा बोटांला चिकटून ठेव," असे म्हणत तिची बोटे स्वतःच्या हाताने उलगडली. त्या क्षणी मला आमच्या आबांचा ओटा आणि त्यांची घोडी चांदणी आठवली.

आबांनी मला अगदी हेच शिकवले होते. घोड्याला आपल्या तोंडाखालची वस्तू दिसत नाही, तो ओठांनी आणि ओठांवरच्या लांब केसांनी चाचपून घास घेतो, त्यामुळे बोट आणि गाजर यांतला फरक त्याला दातांनीच कळतो, असे ते सांगत. चांदणीची रोजची चंदी म्हणजे तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीत, दिलेले भिजवलेले हरभरे, आणि वैरणीला कडबा. खाऊ मात्र आम्हा मुलांच्या हातून. सीताफळे पिकली की आम्हाला तिला अख्खे फळ द्यावेसे वाटे. पण आमच्या घरातील बायका सीताफळाच्या बिया वाटून उवांसाठी डोक्याला लावत, आणि ज्या बियांनी उवा मरतात त्या मुक्या जनावराच्या पोटात जाऊ द्यायच्या नाहीत, असा आबांचा दंडक होता. म्हणून आम्ही चौघे भावंडे ओट्यावर बसून एकेक बी वेगळी करत असू आणि चांदणी मान लांब करून आमच्या डोक्यांवर फुरफुरत असे. पोळ्याला बैलांना पुरणपोळी मिळताना ती खुंट्याला बांधलेली सगळे पाहत राही, तेव्हा आबा तिलाही चतकोर देत.

आपल्याकडे घोडा, घोडी, शिंगरू असेल किंवा असले असेल, तर ते काय आवडीने खात होते, हे कृपया लिहावे.

मोसंबीची बाग

आमची बाग जालना जिल्ह्यात आहे. फळगळ झाली की खाली पडलेली मोसंबी आमची घोडी सालीसकट चावून खात असे आणि रस तिच्या हनुवटीवरून गळत असे. शेजारची घोडी मात्र मोसंबीचा वास आला तरी वरचा ओठ उलटा करून तोंड फिरवत असे. वडील दिवसाला दोनच फळे देत, तीही चार फोडी करून, आणि बुरशी लागलेले फळ बांधावरही ठेवू देत नसत, कारण ती सुटली तर तिथपर्यंत पोहोचेल, ही त्यांना काळजी असे.

टापांचा आवाज

आमच्या घरात तीन पिढ्यांपासून वरातीच्या घोड्या आहेत. वरातीत पाहुणे प्रेमाने पेढा, जिलेबी, लाडू घोडीच्या तोंडाशी नेतात आणि कोणाचे मन मोडू नये म्हणून आम्ही पूर्वी गप्प राहत असू. एका लग्नात कोणीतरी तिला अख्खा पेरू दिला. तोंडात लगामाची कडी असल्यामुळे तिला तो नीट चावता आला नाही आणि तो नरड्यात अडकला. तिने मान पुढे ताणली, दोन्ही नाकपुड्यांतून लाळ आणि हिरवट पाणी येऊ लागले, आणि ती आता गुदमरून मरणार असे मला वाटले. कोणीतरी धावत जाऊन तेलाची बाटली आणि बांबूचे नळकांडे आणले. परंतु वडिलांनी कोणालाही तिच्या तोंडात थेंबभर काही ओतू दिले नाही. डॉक्टर आले, त्यांनी तिला गुंगीचे इंजेक्शन देऊन मान खाली ठेवायला लावली, नाकातून नळी घातली आणि पाण्याने तो पेरू हळूहळू मोकळा केला. नवरदेव पायी मांडवात गेला, आणि त्याच्या घरच्यांनी आम्हाला एका शब्दाने दुखावले नाही, हे मी कधीही विसरणार नाही.

गुरांचा दवाखाना

वरच्या अनुभवातील वडिलांना माझा मनापासून नमस्कार. घोड्याच्या नरड्यात घास अडकतो तो अन्ननलिकेत. श्वासनलिका मोकळी असते, म्हणून तो श्वास घेऊ शकतो. अशा वेळी तोंडातून तेल किंवा पाणी ओतले तर ते फुप्फुसात उतरते आणि पुढे न्यूमोनिया होतो.

दुसरी गोष्ट अशी की घोड्याला उलटी करता येत नाही, कारण त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू फार घट्ट असतो. जे आत गेले ते पुढेच जाणार. एवढ्या मोठ्या जनावराचे जठर अवघे 8 ते 15 लिटरचे असते. धान्य किंवा गोड जास्त झाले, तर न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, त्यातून पोटशूळ उठतो आणि खुरांच्या आतील भागाला सूज येते. म्हणून खाऊ घासभरच द्यावा. गाजराच्या गोल चकत्या न करता लांब फोडी कराव्यात, आणि आंबा व बोर यांची आठळी काढावी. कलिंगडाची साल चालते. कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटोचा पाला, चॉकलेट आणि अॅव्होकॅडो देऊ नये.

एक सुखद माहितीही सांगतो. इंग्लंडमधील संशोधकांनी घोड्यांना निरनिराळ्या स्वादांचे खाद्य देऊन पाहिले आणि ते 2005 साली प्रसिद्ध केले; त्यात सर्वांत आवडता स्वाद मेथीचा ठरला आणि त्यानंतर केळ्याचा. जिरेही आवडत्या स्वादांत होते.

मेथीची जुडी

मेथीचे वाचून डोळ्यांत पाणी आले. आमची आजी भाजी निवडताना मेथीच्या काड्या पदरात जमवून टांग्याच्या घोड्याकडे नेत असे आणि घरात सगळे तिला रागवत असत.

गोदाकाठ

नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात घोडे आहेत आणि ते गुरू गोविंदसिंहांच्या घोड्याच्या वंशातील आहेत, अशी श्रद्धा आहे. हल्लाबोलच्या मिरवणुकीत त्यांना पाहायला आम्ही लहानपणापासून जातो. एकदा मी केळे पुढे केले, तेव्हा तेथील सेवकाने आधी विचारावे, असे सौम्यपणे सांगितले, कारण शंभर माणसांनी एकेक केळे दिले तर त्या जिवाचे काय होईल. माझ्या मामांची अर्धापूरजवळ केळीची बाग आहे. त्यांची घोडी पंचविशी ओलांडलेली आहे, दाढा झिजल्यामुळे तिला कडबा चावत नाही, घास गोळा होऊन तोंडातून खाली पडतो. तिला ते ओलवलेली कुट्टी देतात आणि वर एक पिकलेले केळे कुस्करून घालतात. केळे नसेल तर ती गव्हाणीपासून दोन पावले मागे सरकून उभी राहते.

माळरान

आमच्या मेंढरांच्या वाड्यावर सामान वाहणारे तट्टू होते आणि संध्याकाळी चूल पेटली की ते ज्वारीच्या शिळ्या भाकरीसाठी पालाशी येऊन उभे राही. भाकरीवर खडे मिठाची चिमूट टाकली की जास्त आवडे. कोवळ्या ज्वारीच्या पोग्यात मात्र त्याला कधी तोंड घालू दिले नाही, कारण किराळ लागते, म्हणजे त्या कोवळ्या ज्वारीतून विषबाधा होते.

उदास ओटा

हे लिहायला मला वेळ लागला. आमच्या घोडीने रात्री दावे सोडवून घेतले आणि ती हरभऱ्याच्या पोत्यापर्यंत गेली. सकाळी पोते अर्धे रिकामे होते आणि ती शांत उभी होती, म्हणून आम्ही तिला नेहमीसारखे पाणी दाखवले. दुपारी ती पायाने जमीन उकरू लागली, पोटाकडे वळून पाहू लागली, लोळू लागली. डॉक्टर येईपर्यंत उशीर झाला होता. वडिलांनी त्यानंतर घोडी घेतली नाही, आणि तिचा तोबरा अजून खुंटीला आहे.

बालाघाटकर

उदास ओटा, आपले दुःख समजते. अशा वेळी सकाळी घोडी शांत दिसली तरी लगेच डॉक्टरांना बोलवावे, हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक होते?

टापांचा आवाज, त्या घोडीचे पुढे काय झाले?

टापांचा आवाज

ती अजून आमच्या दारात आहे. वरात संपल्यावर लगाम काढतो, ती पाणी पिते, आणि मग आई पातळ फोडी केलेला पाव पेरू सपाट तळहातावर ठेवून तिच्यापुढे धरते.