‘सगळे घरचे’ ग्रुप: निखिलच्या गाडीचं छप्पर

निखिल (लीड्स): सुहासकाका, जागे आहात का? तुमच्या धंद्यातला प्रश्न आहे. आमच्या व्हॅनच्या उघडत्या छपरातून पाणी आलं. सीथवेटला होतो दोन रात्री. केतकीची उशी पिळून काढली. रबर बदलायचंय, पण दुकानाच्या यादीत चाळीसेक प्रकार दिसतायत.

मंदारदादा: सीथवेट म्हणजे तुम्ही सांगत होतात ती इंग्लंडची आंबोली?

निखिल: तीच. वर्षाला ३,००० मिमीच्या वर पडतो.

मंदारदादा: आंबोलीत त्याच्या दुप्पट पडतो आणि लोक पत्र्याखाली मजेत झोपतात 😄

आजी: गाडीचं छप्पर उघडतं म्हणजे काय रे

निखिल: आजी, १९९८ ची फोक्सवॅगन टी४ आहे. मूळची सामान वाहायची. नंतर कुणीतरी टप कापून त्यावर फायबरचं झाकण बसवलं. पुढे बिजागरी, मागून उचलायचं, ट्रंकेच्या झाकणासारखं. उघडलं की मध्ये तंबूचं कापड ताणलं जातं आणि वर दोघांना झोपता येतं.

आजी: एवढ्या थंडीत तंबूत कशाला झोपायचं घर आहे ना

सुहासकाका: मी जागाच आहे. आधी सांग, मूळ कंपनीचं छप्पर की बाहेरून बसवलेलं?

निखिल: बाहेरून. कुणी बसवलं ते कागदावर नाही. दुकानदार म्हणतो पार्ट नंबर मिळणार नाही, मीटरवर घ्या. २० मिमी फुग्याचं, म्हणजे दबणारा पोकळ गोल भाग २० चा असलेलं, सगळ्यांना चालतं म्हणाला.

सुहासकाका: सगळ्यांना चालतं ते कुणालाच नीट बसत नाही. भोसरीत ३१ वर्षं बीडिंगच, म्हणजे असली कडेची रबरंच, बनवत होतो, त्यामुळे दहा मिनिटं माझं ऐक.

सुहासकाका: रबराचं नाव विचारण्याआधी फट मोज. छप्पर बंद असताना झाकणाची कड आणि टप यांच्यात किती जागा राहते, ते. जुनं बीडिंग काढ, मऊ मातीचे गोळे प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून दर दीड-दोन फुटांवर ठेव, छप्पर बंद कर, लॅच लाव, उघड. गोळे चपटे झालेले असतील. जाडी मोज.

निखिल: माती कुठून आणू रात्रीची?

आजी: कणीक घे घट्ट मळून

सुहासकाका: आई, अगदी बरोबर. पुरीची कणीक.

मंदारदादा: काका, एवढं कशाला? २० चं घ्यावं. जाड असलं तर जास्त घट्ट बसेल.

सुहासकाका: मंदार, कुकरमध्ये दोन रिंगा घालून बघ एकदा. झाकण लागतं का? इथेही तेच. फुग्याचं रबर साधारण एक तृतीयांश दाबलं गेलं पाहिजे. निम्म्यापर्यंत ठीक. त्याच्यापुढे गेलं की ते कायमचं चपटं होतं, आणि त्याआधी लॅच आणि बिजागऱ्या रडतात. फायबरचं झाकण मध्ये वाकून वर येतं, मग कोपऱ्यात घट्ट आणि मध्ये मोकळं. पाणी मधून आत.

(४० मिनिटांनी)

निखिल: १४ गोळे ठेवले. केतकी म्हणते हे लग्नाआधी सांगायला हवं होतं. पुढे ८ मिमी, मध्ये १०, मागे १३.

सुहासकाका: बघ. मागे लॅच आहे ना?

निखिल: हो, दोन्ही बाजूंना ओढून लावायचे हुक.

सुहासकाका: मग मागच्या फटीचा दोष बीडिंगवर घालू नकोस. हुक सैल झालेत. तेरा मिमीसाठी बीडिंग निवडलंस तर पुढे आठमध्ये ते चेचलं जाईल. हुकाची लांबी कमी कर, मागची फट दहावर आण, मगच रबराचा विचार.

निखिल: हुकाला आटे आहेत. चार फेरे दिले. आता मागे १०, पुढे ८ तसेच.

सुहासकाका: झालं. १४ किंवा १५ मिमीचा फुगा. मी १४ म्हणेन: दहाला जेमतेम २९ टक्के दाब, आठला ४३. १५ घेतलंस तर ३३ आणि ४७. छप्पर हलकं असेल तर १४, मागे हुक नीट ओढत असतील तर १५. हा तुझ्या हाताचा निर्णय आहे, माझ्या नाही.

निखिल: १५. हुक चांगले ओढतायत.

बाबा: पण रबर कुठलं ते सांग ना सुहास. इथे गाड्यांना तीन वर्षांत तडे जातात.

सुहासकाका: ईपीडीएम. ऊन, ओझोन, पाणी याला दाद देत नाही. नायट्राइल नको, ते तेलाच्या जागी ठीक, उघड्यावर तडकतं. खिडकीला चिकटवतात ती फोमची पट्टीही नको. तुकडा पाण्यात बुडवून पिळ, बुडबुडे येऊन पाणी प्यायला लागला तर तो स्पंजच. आणि पकडीत, म्हणजे कडेला धरणाऱ्या भागात, पोलादी पट्टी असलेलं घे, म्हणजे गोंदाशिवाय कडेवर बसतं. कड किती जाड आहे?

निखिल: फायबरची कड ४ मिमी.

सुहासकाका: यादीत पकडीची रेंज लिहिलेली असते, चार मिमी त्यात मध्यावर यायला हवं. आणि फुगा कुठे आहे ते बघ: पकडीच्या डोक्यावर की कुशीला. तुझं झाकण सरळ वरून खाली टपावर बसतं, म्हणजे डोक्यावरचा. कुशीचा घेतलास तर तो हवेत लोंबेल. हीच चूक सगळे करतात, फोटोत दोन्ही सारखे दिसतात.

आजी: कुकरच्या रिंगेला मी तेल लावते गाडीच्या रबराला पण लाव

सुहासकाका: आई, नको. गाडीच्या या रबराला तेल, व्हॅसलीन, ग्रीस लावलं की ते फुगतं. सिलिकॉनचा स्प्रे किंवा नुसती टाल्कम पावडर.

शोभाआत्या: निखिल, एक विचारू? कापड बंद करताना ते कुठे जातं?

निखिल: आत दुमडतं आत्या. कधीकधी डाव्या कोपऱ्यात बाहेर डोकावतं, हाताने ढकलतो.

शोभाआत्या: पाणी कुठल्या बाजूला आलं होतं?

निखिल: डाव्या… अरे.

शोभाआत्या: कापड रबरात अडकलं की त्याची वात होते. समईत तेल कसं चढतं वर? तसं पाणी आत चढतं. तुमचं रबर सोन्याचं असलं तरी.

सुहासकाका: शोभा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शोभाआत्या: तुझी रबरं, माझी कापडं. कापडाच्या मध्यावर बाहेरून चारी बाजूंनी इलॅस्टिकची दोरी फिरव. छप्पर खाली येताना ते कापडाला आतच ओढेल. परकराच्या नाडीसारखी ओवण शिवून घे, सैल नको.

मंदारदादा: म्हणजे बीडिंग बदलायचंच नाही का आता?

सुहासकाका: बदलायचं. जुन्याचा फोटो बघ वर, फुगा पोळीसारखा झालाय. पण नुसतं ते बदललं असतं तर डावीकडून पाणी येतच राहिलं असतं, आणि याने दुकानदाराला शिव्या घातल्या असत्या.

निखिल: लांबी ७.४ मीटर भरली. ८ मागवू?

सुहासकाका: हो. रात्रभर मोकळं वेटोळं करून ठेव. लावताना ओढू नको, उलट दाबत ने, कोपऱ्यात जरा जास्त. ओढून लावलंस तर महिन्याने आखडतं आणि जोडाला फट पडते. जोड मागे मध्यावर. पुढे वारा पाणी ठोकतो. टोकं करवतीने सरळ काप, सायनोने (सुपरग्लूने) चिकटव. आतली पट्टी उघडी राहते तिथे थेंबभर गोंद, नाहीतर गंजते. आणि जुनं काढल्यावर टपाच्या कापलेल्या पत्र्यावर गंज आहे का बघ. सिलिकॉन लावायचं झालं तर व्हिनेगरचा वास येणारं नको, ते पत्रा खातं. न्यूट्रल मिळतं.

निखिल: ऑर्डर केलं. १५ मिमी, डोक्यावर फुगा, ८ मीटर. इलॅस्टिकची दोरी १० मीटर.

आजी: ती कणीक फेकू नको रे, प्लॅस्टिकात होती ना, पुऱ्या कर