गायकवाड आडनावाचा अर्थ काय?

सयाजीराव, दादासाहेब, क्रिकेटमधले दत्ताजीराव-अंशुमन, आता ऋतुराज, सगळे गायकवाड एकाच घराण्यातले का हो? आणि गायकवाड म्हणजे नेमकं काय?

— कवाड म्हणजे दार. मावळातल्या किल्ल्यावर बडोदेकरांच्या एका पूर्वजाने कापायला चाललेल्या गाई कवाड उघडून आत घेतल्या म्हणून गाय-कवाड, अशी गोष्ट सांगतात, अर्थात आख्यायिकाच ती.

— एकच घराणं कसलं! दादासाहेब म्हणजे भाऊराव, बाबासाहेबांचे सहकारी, १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहातले. मराठ्यांत गायकवाड, बौद्धांतही गायकवाड, आडनावावरून जात ओळखायला गेलात तर फसाल. दत्ताजीराव-अंशुमन मात्र बापलेक, बाप १९५९ ला इंग्लंडमध्ये कॅप्टन आणि मुलाने १९८३ ला जालंधरला पाकिस्तानविरुद्ध २०१ काढले, ते पण ११ तासांहून जास्त खेळून, आजच्या पोरांना सांगा जरा 😄

— सयाजीराव तर दत्तक, मालेगावजवळच्या कौळाण्याचे, मूळ नाव गोपाळराव. पण आडनाव बदलावं लागलं नाही, जन्मानेही गायकवाडच, दुसऱ्या शाखेतले.

— आमच्या ऑफिसात तीन गायकवाड आहेत, एकमेकांचे कुणीच नाहीत, कुरिअरवाला रोज गोंधळतो.